चंद्रलेखा : ताठ कण्याचे नृत्य

(शिरूर-दौंड परिसरातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



१९५२ साली मद्रासमध्ये एका तरुण मुलीचे अरंगेट्रम झाले. गुरूकडे शिकलेले नृत्य पहिल्यांदा लोकांसमोर मांडायचे, असा तो प्रसंग. कार्यक्रम मदतनिधीसाठी होता; जमलेले पैसे रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांना जायचे होते. मुलीने ‘मथुरा नगरिलो’ हे तेलुगू पद नाचायला घेतले. त्यात यमुना आहे, नदीत उतरलेल्या सख्या आहेत, त्यांची जलक्रीडा आहे. मुद्रांमधून पाणी उसळत होते, ओंजळी भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. आणि ऐन नाचात तिला वर्तमानपत्रांतले फोटो दिसू लागले : भेगाळलेली जमीन, हातात पत्र्याचे डबे घेऊन पाण्यासाठी लागलेल्या माणसांच्या रांगा. ज्यांच्या तहानेसाठी हा कार्यक्रम, त्यांच्याच नावावर आपण पाण्याच्या समृद्धीचा खेळ मांडतो आहोत, हे तिला लख्ख जाणवले. नृत्य पुरे झाले, टाळ्या पडल्या. तो प्रश्न मात्र तिच्या मनातून पुढची ५४ वर्षे गेला नाही.

त्या मुलीचे नाव चंद्रलेखा प्रभुदास पटेल. पुढे जग त्यांना नुसते चंद्रलेखा म्हणून ओळखू लागले. भारतीय नृत्याला आधुनिक भाषा देणाऱ्या रचनाकारांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

शिरूर आणि दौंडच्या श्रोत्यांना त्या प्रसंगातला काटा समजावून सांगावा लागत नाही. सह्याद्रीवर येणारा पाऊस मावळ-मुळशीत रिता होतो आणि घोडनदी, भीमा ओलांडेपर्यंत ढग हलके झालेले असतात. पर्जन्यछायेतले हे तालुके. चासकमानचे, घोडचे, खडकवासल्याचे कालवे जिथे पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. जिथे पोहोचले नाहीत तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे चुकले नाही. एकाच तालुक्यात हिरवा पट्टा आणि कोरडा पट्टा शेजारी शेजारी राहतात. कोरड्या माणसांसमोर ओल्या नदीचे नृत्य करावे का, हा प्रश्न म्हणूनच इथे विचारण्यासारखा आहे.

चंद्रलेखांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ चा, वाड्याचा. वाडा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातले, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले गाव. वाडा कोलम तांदळामुळे ते नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. घर गुजराती. वडील डॉक्टर आणि देवाबाबत साशंक, आई श्रद्धाळू. बालपणाचा मोठा भाग गुजरातेत गेला, काही काळ एडनमध्ये, काही महाराष्ट्रात. पुढे कायद्याचे शिक्षण सुरू झाले आणि ते अर्ध्यावर सोडून ही मुलगी मद्रासला नाच शिकायला गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुशिक्षित घरातल्या मुलीने वकिली सोडून नर्तकी व्हायचे ठरवणे म्हणजे काय, याचा अंदाज आजच्या पालकांनाही करता येईल.

गुरू मिळाले कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै. हे थोर नर्तकी बालसरस्वतींचे साथीदार, देवदासी परंपरेतल्या नृत्याच्या अगदी आतल्या घरातले गृहस्थ. चंद्रलेखा त्यांच्याकडे जे शिकल्या ते ‘दासी आट्टम’, म्हणजे देवदासींचे नृत्य. तो काळ समजून घेतल्याशिवाय चंद्रलेखांचा पुढचा रस्ता कळत नाही. १९३०च्या दशकात दक्षिणेत या नृत्याला भरतनाट्यम हे नाव रूढ होत गेले, १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र सुरू केले आणि प्रतिष्ठित घरांतल्या मुली हे नृत्य शिकू लागल्या. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी प्रथेला बंदी करणारा कायदा झाला. प्रथेत शोषण होते, कायदा आवश्यकच होता. पण ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हे नृत्य अंगावर सांभाळले होते, त्यांतल्या फार थोड्यांना नव्या रंगमंचावर जागा मिळाली. नृत्याला देव्हाऱ्यात बसवले आणि नाचणारीला दाराबाहेर काढले. बालसरस्वतींसारख्या एखाद्या अपवादाचे पांघरूण या अन्यायावर घालता येत नाही.

हे शब्द दौंड तालुक्यात बोलताना चौफुल्याच्या कला केंद्रांची आठवण न येणे शक्यच नाही. तिकडे पुन्हा वळायचे आहेच.

नृत्याने समाजाकडे पाहावे, ही कल्पना चंद्रलेखांनी शोधलेली नाही. १९३२ साली जर्मनीत कुर्ट योस यांनी ‘द ग्रीन टेबल’ रचले : टेबलाभोवती वाटाघाटी करणारे मुत्सद्दी आणि त्यांच्या चर्चेतून निघणारे युद्ध. १९३६ साली हिटलरच्या राजवटीतल्या ऑलिंपिकसाठी बर्लिनला येण्याचे आमंत्रण अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी नाकारले. १९४३ साली पर्ल प्रायमस या कृष्णवर्णीय नर्तकीने अमेरिकेतल्या झुंडबळींवर नाच बसवला. आपल्याकडे उदय शंकर यांनी यंत्र आणि कामगार हा विषय रंगमंचावर आणला. बंगालच्या दुष्काळानंतर ‘इप्टा’ या लोकनाट्य संघटनेचे मध्यवर्ती पथक मुंबईत अंधेरीला एकत्र राहून तालीम करत होते, शांती बर्धन यांनी त्या पथकासाठी ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये रचली आणि त्यांच्या प्रयोगांतून दुष्काळपीडितांसाठी मदत उभी राहिली. म्हणजे दुष्काळावर नाचणारे लोक चंद्रलेखांच्या आधी होऊन गेले होते. चंद्रलेखांचा प्रश्न त्याहून अवघड होता. दुष्काळाची गोष्ट नाचून दाखवणे त्यांना पुरेसे वाटेना. जे शरीर नाचते, त्या शरीराचेच काय करायचे, हे त्या विचारत होत्या.

मद्रासमध्ये त्यांचे जग विस्तारत गेले. सरोजिनी नायडूंचे बंधू, कवी आणि नट हरींद्रनाथ चट्टोपाध्याय त्यांचे निकटचे स्नेही आणि मार्गदर्शक. चित्रकार, छायाचित्रकार आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले दशरथ पटेल हे आयुष्यभराचे साथी. पुढे पत्रकार आणि प्रकाशयोजनाकार सदानंद मेनन आले. नावलौकिक वाढत होता, देशात-परदेशात कार्यक्रम होत होते. ‘देवदासी’ नावाची रचना त्यांनी केली. १९७२च्या सुमारास कामदेव या नर्तकासह ‘नवग्रह’ रंगमंचावर आले. आणि मग त्या थांबल्या. कीर्ती चढणीवर असताना, शरीर साथ देत असताना, जवळपास १२ वर्षे त्यांनी व्यावसायिक रंगमंचाकडे पाठ फिरवली.

बहात्तर हे साल आपल्याकडे वेगळ्या कारणाने कोरले गेले आहे. त्याच वर्षी पुणे, नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद असा सगळा पट्टा दुष्काळात होरपळत होता. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे निघाली. हजारो बायका उन्हात खडी फोडत होत्या, डोक्यावर पाट्या वाहत होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. चंद्रलेखांच्या थांबण्याचा या दुष्काळाशी संबंध होता असे कुणी म्हणू नये. पण त्यांनी नंतर रंगमंचावर जे वाकलेले शरीर आणले, ते बहात्तरला खडीच्या ढिगाजवळ बसलेल्या बाईचेच शरीर आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या १२ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या, चित्रे आणि आरेखने करत होत्या. मेनन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘स्किल्स’ नावाचा गट त्यांनी उभा केला. कार्यकर्त्यांना, स्त्रियांच्या संघटनांना, तरुणांना स्वतःची पोस्टरे स्वतः छापता यावीत म्हणून हा गट कार्यशाळा घ्यायचा. रेशमी पडद्यावरची छपाई म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग; एक चौकट, थोडी शाई, रबरी पट्टी, एवढ्यावर काम भागते. छापखान्याच्या मालकाची मेहेरबानी लागत नाही. हुंडाबळी, बलात्कार, पर्यावरणाचा नाश या विषयांवर देशभर मोर्चे निघत होते, त्या काळातली ही गोष्ट. १९८२ साली चंद्रलेखा आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. तो टिकला नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या एका नर्तकीच्या पोस्टरांची सत्तेला धास्ती वाटावी, ही नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

या काळाबद्दल लिहिताना पुष्कळदा असा सूर लागतो की नृत्य बाजूला ठेवून त्या समाजकार्याकडे वळल्या आणि मग पुन्हा नृत्याकडे आल्या. हा सूर बरोबर नाही. पोस्टर करताना त्या शिकत होत्या की आकृती किती साधी केली तर तिची ताकद वाढते. एक रेषा, एक हात, एक डोळा. पुढच्या त्यांच्या नृत्यरचनांतली काटेकोर रेषा या कागदांवर तयार झाली.

१९८४ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आणि मॅक्सम्युलर भवन यांनी पूर्व-पश्चिम नृत्यभेट भरवली. गेऑर्ग लेखनर हे तिचे सूत्रधार. जर्मनीच्या सुझान लिंके होत्या, अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया होत्या, आपले अस्ताद देबू होते. तिथे चंद्रलेखा परतल्या. पांढरे मोकळे केस, काजळाने भरलेले डोळे, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर हातमागाची साडी. १९८५ साली ‘अंगिका’ आले आणि भारतीय नृत्यात खळबळ उडाली.

‘अंगिका’त काय होते? काय नव्हते, ते आधी सांगितले तर चित्र लवकर उभे राहील. दागिन्यांचा झगमगाट नव्हता, मंदिराचा देखावा नव्हता, प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून झुरणारी नायिका नव्हती. होती ती माणसांची शरीरे, साध्या सुती कपड्यांत. केरळची युद्धकला कळरिपयट्टू, योगासने आणि भरतनाट्यमचे अडवू म्हणजे मूळ पदन्यास त्यांनी एका मांडणीत आणले आणि दाखवून दिले की या तिन्हींचा पाया एकच आहे : गुडघे बाहेर वळवलेले, कंबर खाली, पाठ सरळ, म्हणजे अर्धमंडल. त्यांच्या मते ही बैठक शोभेची पोझ नसून शरीराने जमिनीशी आणि स्वतःच्या मध्याशी जोडलेले नाते आहे. लढवय्याचे आणि नर्तकीचे शरीर एकाच जागेवरून निघते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की नर्तकीला नाजूक समजण्याची सवय टिकत नाही.

मग एकामागून एक रचना आल्या. त्यांतल्या ‘लीलावती’जवळ मराठी माणसाने थोडे थांबावे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेला हा गणिताचा ग्रंथ. कमळांवर विखुरलेले भुंगे, तुटलेल्या हारातले मोती, मोर आणि साप यांची उदाहरणे घेऊन तो अपूर्णांक, वर्गमूळ, भूमिती शिकवतो. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची हकिगत आहे; त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद आहे. खानदेशच्या त्या दगडाला जे ठाऊक आहे, ते चंद्रलेखांनी १९८९ साली रंगमंचावर आणले. गणिताचे कोडे मुलींच्या पायांत, हातांच्या कोनांत, पावलांच्या मोजणीत उलगडत गेले. देवाची स्तुती किंवा प्रियकराचा विरह नसलेले शास्त्रीय नृत्य इतके खेळकर, इतके आनंदाचे असू शकते, हे त्या काळी पुष्कळांना पचायला वेळ लागला.

त्यानंतरच्या ‘प्राण’मध्ये श्वास आणि ग्रहगती यांची सांगड होती. पण चंद्रलेखांच्या सामाजिक जाणिवेचे सगळ्यात थेट रूप पाहायचे असेल तर १९९०-९१ च्या ‘श्री’कडे यावे लागते.

‘श्री’मध्ये एक दृश्य आहे. रंगमंचावर बायका येतात, पण त्या चालत येत नाहीत. कंबरेतून वाकलेल्या, पाठी मोडलेल्या, मान खाली, जमिनीलगत त्या सरकतात. हे लवकर संपत नाही. पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागते, त्याची स्वतःची पाठ दुखू लागते. कुणी मारझोड करत नाही, कुणी खलनायक येत नाही, हुंड्याचा संवाद नाही, पदर खेचला जात नाही. शतकानुशतके वाकायला शिकवलेला कणा, एवढेच डोळ्यांसमोर राहते. आणि मग हळूहळू, एकेक मणका जागेवर यावा तशा त्या उभ्या राहतात. शेवटी एकीच्या मागे एक अशा त्या उभ्या ठाकतात, हात फाकतात, आणि समोरून पाहणाऱ्याला एकच दशभुजा स्त्री दिसते. मूर्ती आणलेली नाही, मुखवटा नाही. दहा हात खरोखरीच्या, घाम आलेल्या, दमलेल्या बायकांचे आहेत.

शक्तीची देवी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. घरोघरी नवरात्र बसते. पण त्याच घरात भाकरीला वाकलेली, धुण्याला वाकलेली, खुरपणीला वाकलेली बाई आणि ती देवी यांचा संबंध जोडण्याची हिंमत फार थोड्या कलावंतांनी केली. चंद्रलेखांनी घोषणा न देता तो जोडला.

भीमा-घोडच्या पट्ट्यात गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे अंधारात फडात शिरायचे, बुंध्याशी वाकून कोयता चालवायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचे. हे काम नवरा-बायकोची जोडी करते; तिला ‘कोयता’ म्हणतात आणि उचलही कोयत्यामागे ठरते. त्या मोजणीत बाईचे वेगळे शरीर धरलेलेच नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, म्हणून अवयवच काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. ‘श्री’ रचताना चंद्रलेखांसमोर हा फड नव्हता. तरी त्या रचनेला आज महाराष्ट्रात कुठे प्रेक्षक शोधायचा असेल तर तो मोळ्या वाहणाऱ्या बायकांच्या कोप्यांवर शोधावा लागेल.

‘श्री’च्या थोडी आधीची एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. फ्रान्झ झेव्हर क्रोएट्झ या जर्मन नाटककाराचे ‘रिक्वेस्ट कॉन्सर्ट’ हे एकही शब्द नसलेले नाटक. एकटी राहणारी नोकरदार बाई कामावरून घरी येते, रोजची कामे उरकते आणि शांतपणे आयुष्य संपवते. रुस्तम भरुचा आणि मानुएल लुटगेनहोर्स्ट यांनी ते वेगवेगळ्या शहरांत तिथल्या तिथल्या बाईच्या रूपात उभे केले. मुंबईत ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली, मद्रासमध्ये चंद्रलेखांनी. सुलभाताईंचे नाव या यादीत वाचताना अभिमान वाटतो. पुढे भरुचा यांनीच १९९५ साली चंद्रलेखांवर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांचे आयुष्य समजून घेण्यासाठी आजही त्याला पर्याय नाही. मराठीत त्यांच्यावर तसे सविस्तर काम व्हायला हवे.

चंद्रलेखांवर आक्षेपही आले आणि ते सगळे परंपरावाद्यांचे नव्हते. परंपरेचे रखवालदार म्हणाले, हे भरतनाट्यमच नाही. ते अपेक्षितच होते. पण चळवळीतले काही लोक म्हणाले, यात संदेश कुठे आहे? सामान्य बाईला यातले काय कळणार? त्यांचे प्रयोग महानगरांच्या सभागृहांत आणि परदेशांतल्या महोत्सवांत झाले. पिना बाउश यांच्यासारख्या थोर रचनाकार त्यांना जर्मनीत वुपरटालला बोलावत, लंडन-न्यूयॉर्कचे समीक्षक लिहीत. खेड्यातल्या मैदानावर हे नृत्य उतरले नाही. हा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. आपल्याकडे कवठे येमाईचे शाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी हुंडा, व्यसन, साक्षरता या विषयांवर गाणी लिहिली आणि ती तमाशाच्या कनातीतून थेट लोकांपर्यंत गेली. पोहोच हेच माप धरले तर शाहीर पुढे आहेत.

पण संदेशाच्या मागणीत एक धोका असतो. हुंडा घेऊ नका असे नाचून सांगणारी मुलगी त्या नाचात स्वतः बाहुलीसारखीच सजलेली, लाजणारी, पडद्याआडून पाहणारी असेल, तर शब्द एक सांगतात आणि शरीर दुसरे. प्रेक्षक शब्द विसरतो, शरीर लक्षात ठेवतो. चंद्रलेखांनी शरीराचे सांगणे बदलायला घेतले. हे काम हळू होते, पोस्टरापेक्षा फार हळू. तरी त्यांचा निर्णय बरोबर होता. नृत्याला जे फक्त नृत्यच करू शकते ते त्यांनी करायला लावले.

अस्ताद देबूंनी दुसरी वाट धरली. त्यांनी कोलकाता आणि चेन्नईतल्या कर्णबधिर मुलांबरोबर, दिल्लीत ‘सलाम बालक’च्या रस्त्यावर वाढलेल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यांना दयेच्या नव्हे, शिस्तीच्या बळावर मोठ्या रंगमंचावर उभे केले. १० डिसेंबर २०२० रोजी ते गेले. या दोघांच्या वाटा एकमेकींना पूरक होत्या. एकाने रंगमंचावर कोण उभे राहील ते बदलले, दुसरीने उभे कसे राहायचे ते.

‘यंत्र’, ‘महाकाल’, ‘राग’, ‘श्लोक’ अशी रचनांची मालिका नव्वदीच्या दशकात चालू राहिली. ‘राग’मध्ये त्यांनी पुरुषांच्या शरीरातले स्त्रीत्व शोधले आणि त्यावरूनही वाद झाला. २००१ साली आलेली ‘शरीर’ ही शेवटची. एक स्त्री, एक पुरुष आणि गुंदेचा बंधूंचे ध्रुपद. तिशनी दोशी या कवयित्रीने ती वर्षानुवर्षे नाचली. गती इतकी संथ की पाहणाऱ्याचा श्वास आपोआप लांबतो. स्त्रीच्या लैंगिकतेला, प्रजननशक्तीला इथे लाज नाही आणि प्रदर्शनही नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे रचावे, याचे आश्चर्य पुष्कळांनी बोलून दाखवले. आश्चर्य वाटायला नको होते. आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला त्याची उत्तम समज उतारवयातच येते. गायकाबद्दल आपण हे सहज मान्य करतो.

१९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००४ साली अकादमीची फेलोशिप. चेन्नईत इलियट्स बीचवरच्या त्यांच्या घरात झोपाळा होता, झाडे होती आणि अंगणात त्यांनी उभारलेली ‘स्पेसेस’ ही तालमीची जागा होती. तिथेच त्यांच्या नर्तकी तयार झाल्या. पद्मिनी चेट्टूर यांच्यासारख्या काही पुढे स्वतंत्र रचनाकार झाल्या. ३० डिसेंबर २००६ रोजी कर्करोगाने चंद्रलेखांचे निधन झाले.

आता चौफुला.

शिरूरहून न्हावऱ्यावरून केडगावकडे येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला जिथे मिळतो, तिथे कला केंद्रे आहेत. ढोलकी, पेटी, घुंगरांचे चाळ, बारीत बसलेल्या बायका, समोर बैठक. संगीत बारी हे त्या कलेचे नाव. भूषण कोरगावकर यांनी याच नावाचे पुस्तक लिहून आणि सावित्री मेधातूल यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट करून या बायकांचे जगणे बाहेरच्या मराठी समाजाला दाखवले, त्याआधी पांढरपेशा वाचकाला त्याची फार माहिती नव्हती. बैठकीच्या लावणीत बाई जागेवरून न उठता एका ओळीचे दहा अर्थ डोळ्यांनी, भुवईने, बोटांनी सांगते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची ही अदाकारी थोर कलावंतांनी वाखाणली. वयाच्या नव्वदीनंतर, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा अभिनय मद्रासच्या देवदासींच्या पदम् गायनातल्या अभिनयाचा सख्खा नातलग आहे, हे जाणकारांना लगेच कळते.

आणि इतिहासही तसाच घडला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, मग अटी घालून ती सैल केली. लावणी सिनेमात गेली, टीव्हीच्या स्पर्धांत गेली, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गेली. आज चांगल्या घरातली मुलगी नऊवारी नेसून लावणी करते आणि आईवडील कौतुकाने व्हिडिओ काढतात. ते चांगलेच आहे. पण त्याच आईवडिलांच्या गाडीत चौफुल्यावरून जाताना आवाज का उतरतो? लावणी आपली झाली, लावणी नाचणारी आपली झाली नाही. एल्लप्पा पिळ्ळैंच्या शिकवणीतून चंद्रलेखांना जे दिसले, ते आपल्याला रोजच्या रस्त्यावर दिसत असून आपण पाहत नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या विठाबाई नारायणगावकरांची हकिगत सर्वांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना बाई नाचत होती, मध्येच कनातीमागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर आली. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. तिच्यात विठाबाईंचे असामान्य धैर्य आहेच. पण बाळंतपणाच्या दिवशीही जिला नाचावे लागले, तिच्याभोवतीच्या व्यवस्थेबद्दल आपण त्या गोष्टीतून काहीच विचारत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेली ही कलावती २००२ साली गेली, तेव्हा हलाखीने तिची पाठ सोडलेली नव्हती.

चंद्रलेखांचे काम शिरूर-दौंडला उपयोगी पडायचे असेल तर ते स्मरणिकेतल्या लेखाने पडणार नाही. इथल्या महाविद्यालयांत मुलींसाठी कराटेचे वर्ग असतात आणि स्नेहसंमेलनासाठी नृत्याचे. या दोन वर्गांना एकत्र बसवून पाहावे, ‘अंगिका’ तेवढ्यावर सुरू झाले होते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत उभ्याने पाळी करणाऱ्या मुलींना पाठीच्या व्यायामाची जागा आणि वेळ मागता येईल. ही छोटी कामे आहेत आणि ती होण्यासारखी आहेत.

व्याख्यानमालेच्या संयोजकांना एक विनंती आहे. आजवर या व्यासपीठावर लावणीविषयी पुष्कळ जण बोलले असतील. पुढच्या वर्षी चौफुल्याच्या बारीतल्या एखाद्या ज्येष्ठ कलावतीला व्याख्याती म्हणून निमंत्रण द्या. तिला नाचायला बोलावू नका, तिच्या कलेविषयी बोलायला बोलावा. इतर वक्त्यांना जे मानधन, जी खुर्ची, जो हार, तोच तिला द्या, आणि पत्रिकेत तिचे नाव तिला हवे तसे छापा.